मधल्या काळाचे ठोकळे

जर्मनीतल्या थुरिंगिया भागात रुडोलश्टाट नावाचं एक छोटं शहर आहे. १९६३ साली तिथला खेळण्यांचा एक जुना कारखाना बंद पडला. त्यात मुलांसाठी दगडी ठोकळे बनत. 'दगडी' हे म्हणायचं, एवढंच. ते खाणीतून काढलेले नव्हते. क्वार्ट्झची बारीक वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण साच्यात दाबून ते तयार करत. रंग तीनच: विटेचा तांबडा, वालुकाश्माचा पिवळट आणि छपरावरच्या पाटीदगडाचा निळा. ना खुंटी, ना खाच, ना गोंद. एकावर एक ठेवायचे, आणि स्वतःच्या वजनावर जेवढं उभं राहील तेवढं राहू द्यायचं. पेटीवर जहाजाच्या नांगराची खूण असे, म्हणून जगभर त्यांना अँकर ठोकळे म्हणत. ('जहाजाच्या' हे मुद्दाम लिहावं लागतं, नुसतं 'नांगर' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी शेत येतं.)

१९९५ साली त्याच रुडोलश्टाटमध्ये तसेच ठोकळे पुन्हा बनू लागले. मधे बत्तीस वर्षं गेली. मुलांना या ठोकळ्यांची आठवण असण्याचं कारण नव्हतं; आठवण होती ती पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसांना. १९७९ साली नेदरलँड्समध्ये अशा अँकरप्रेमींचं एक मंडळ स्थापन झालं होतं. जुन्या पेट्या शोधणं, त्यात कोणते ठोकळे कमी आहेत हे मोजणं, जुन्या आराखड्यांच्या याद्या लावणं असली कामं ही मंडळी करत. कारखाना बंद असतानाही हा खेळ जिवंत राहिला तो यांच्या याद्यांत.

मला या मधल्या बत्तीस वर्षांत रस आहे. लहानपणी एखादा खेळ जिवापाड खेळलेला माणूस तो सोडतो, ते समजण्यासारखं आहे. अभ्यास वाढतो, घर बदलतं, लाज वाटू लागते. पण काही माणसं परत येतात ती कशाने? 'मन झालं म्हणून' हे उत्तर मला पुरत नाही, कारण माझ्याकडे असाच एक डबा आहे आणि मन काही होत नव्हतं. त्याविषयी पुढे लिहीन. आधी इतिहास.

अँकर ठोकळ्यांचा शोध ज्या दोन भावांनी लावला त्यांतला एक म्हणजे ओटो लिलिएन्थाल, पंखांवर तरंगत हवेत उतरणारा, विमानविद्येच्या इतिहासातला मोठा माणूस. दुसरा त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव. ठोकळे त्यांना साधले, विकता मात्र येईनात. १८८० साली त्यांनी ही कल्पना फ्रीडरिश आडोल्फ रिश्टर या औषध-कारखानदाराला हजार मार्कांना विकली. रिश्टरला जाहिरात कळत होती. त्याने ठोकळे देशोदेशी नेले आणि पेट्यांची एक साखळीच तयार केली: लहान पेटी घ्यावी, मग तिची जोडपेटी घ्यावी, की दोन्ही मिळून पुढच्या क्रमांकाची पेटी होते. खेळ संपूच नये अशी सोय! प्रत्येक आकाराला क्रमांक होता. एखादा ठोकळा फुटला तर तेवढाच मागवता येई. खेळून झाल्यावर ठोकळे पेटीत कसे भरायचे, कोणत्या थरात कोणता कुठे, याचाही नकाशा असे. चुकलं तर झाकण लागत नसे. पुढे लिलिएन्थाल बंधूंनी पुन्हा असेच ठोकळे काढायचा प्रयत्न केला तेव्हा ते कोर्टात रिश्टरविरुद्ध हरले.

ओटोची दुसरी गोष्ट इथे जास्त कामाची आहे. आंक्लाम या गावी लहानपणी हे दोघे भाऊ करकोचे उडताना बघत बसत. पोरवयातच त्यांनी पंख बांधून पाहिले. मग शिक्षण, १८७०चं युद्ध, नोकरी, कारखाना. ओटोने बाष्पक आणि इंजिनांच्या धंद्यात जम बसवला, आणि तो पुन्हा पंखांकडे वळला. पक्ष्यांच्या उड्डाणावरचं त्याचं पुस्तक १८८९चं. टेकडीवरून खऱ्या अर्थाने तरंगायला त्याने १८९१ साली सुरुवात केली, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. मुलगा असताना जे होत नव्हतं ते आता होऊ लागलं, कारण मधल्या वर्षांत तो मोजायला शिकला होता. १८९६च्या ऑगस्टमध्ये तो पंखांसकट कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याने मांडलेल्या आकड्यांवरून राइट बंधूंनी आपली सुरुवात केली.

रुडोलश्टाटचाच परिसर आणखी एका ठोकळेवाल्याचा. जवळच्या काइलहाउ गावी १८१७ साली फ्रीडरिश फ्रोबेलने शाळा काढली, आणि १८३७ साली शेजारच्या ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांच्या खेळाची संस्था. तिला त्याने १८४० साली 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 'बालवाडी' हा शब्द रुजवला. 'वाडी' म्हटल्यावर घाटावरच्या माणसाला वस्ती दिसते, पण कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि गुजरातीतही वाडी म्हणजे बागच. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. गुजरातीतून मराठीत अनुवाद करणारी मी, या शब्दाजवळ दर वेळी थोडी थांबते. फ्रोबेलची 'बाग' इतक्या चोख रीतीने दुसऱ्या कोणत्या भाषेत उतरली असेल, असं मला वाटत नाही.

फ्रोबेलच्या साहित्याला तो 'देणगी' म्हणे. तिसरी देणगी म्हणजे एक लाकडी घन, आठ छोट्या घनांत विभागलेला. मुलासमोर पेटी उपडी ठेवायची, झाकण सरकवून काढायचं, पेटी वर उचलायची, की अखंड घन उभा. मग तो उकलायचा, त्याचं घर, विहीर, जिना करायचा आणि शेवटी पुन्हा अखंड घन करून पेटीत. एका रचनेतून दुसरी रचना करायची, आधीची पाडून मोकळं व्हायचं नाही, असा त्याचा आग्रह होता. प्रशियाच्या सरकारला या निरुपद्रवी प्रकाराची इतकी भीती वाटली की १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी आली, आणि ती उठायच्या आत, १८५२ साली, फ्रोबेल वारला.

या देणग्या फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पीच्या हाती आल्या त्या १८७६ साली. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याच्या आईने त्या पाहिल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा होता. हे त्याने स्वतः लिहिलं १९३२ साली, आत्मचरित्रात, पासष्टाव्या वर्षी. आपली सगळी वास्तुकला त्या मेपलच्या ठोकळ्यांत होती असा एकंदर सूर. समीक्षक हे विधान उत्साहाने उचलतात. मला त्यातलं वय दिसतं. मधल्या काळात त्याने वाताहत पाहिली होती, घर जळालेलं पाहिलं होतं, कामं आटली होती; अशा वेळी माणूस आपल्या कारकिर्दीची मुळी शोधू लागतो, आणि ती त्याला नवव्या वर्षीच्या टेबलावर सापडते. ही आठवण खोटी नसेल. पण ती पासष्टाव्या वर्षाची आठवण आहे.

आता १९६३कडे परत. रुडोलश्टाटचा कारखाना बंद झाला त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा कच्चा माल बदलला. तोवर लेगोचे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असत, आणि ते काही वर्षांनी वाकत. त्या साली एबीएस नावाचं प्लास्टिक आलं, जे वाकत नाही आणि ज्याचा रंगही जास्त टिकतो. ही बातमी रसायनाची वाटेल, पण परत येण्याच्या इतिहासात ती मोठी आहे. वाकलेल्या ठोकळ्यांकडे कोण परत येणार?

लेगोची सुरुवात १९३२ साली ओले कर्क क्रिस्टियन्सन या सुताराच्या लाकडी खेळण्यांपासून झाली. १९४९ साली प्लास्टिकचे एकमेकांत बसणारे ठोकळे आले ते मात्र उसने. हिलरी फिशर पेज या इंग्रज माणसाने त्याच्या किडीक्राफ्ट कंपनीतर्फे दोनच वर्षांपूर्वी तसे ठोकळे काढले होते. डॅनिश मंडळींनी नमुना समोर ठेवला आणि कोपरे धारदार केले, वरच्या गोल खुंट्या सपाट केल्या, आणि इंचातलं माप मिलिमीटरमध्ये आणलं. त्यात सुमारे एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला. कोर्टातल्या साक्षीत ओले कर्कचा मुलगा गॉटफ्रेड याने पुढे हे सांगितलं. मला हा प्रसंग अनुवादाचाच वाटतो, आणि फार निष्पाप अनुवादाचा नव्हे: मूळ लेखकाचं नाव मुखपृष्ठावर नाही, तो १९५७ साली वारला, आणि किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ साली. तरीही खरा भर घातला तो अनुवादकाने. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉटफ्रेडने पेटंटसाठी अर्ज केला त्यात ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या होत्या. त्याआधी ठोकळे नुसते एकमेकांवर बसत. आता ते धरून ठेवू लागले. त्या मापाचा १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्याला जोडता येतो. १९६० साली लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं आणि कंपनीने लाकूड कायमचं सोडलं. ओले कर्क ते पाहायला नव्हता. पेटंटच्या अर्जानंतर दीड महिन्यातच तो गेला होता.

जुना तुकडा नव्याला बसतो, ही एक गोष्ट नसती तर मोठ्या वयात या खेळाकडे परतणाऱ्यांची आज दिसते तेवढी मोठी बिरादरी झालीच नसती. या बिरादरीचा स्वतःचा एक शब्द आहे. लहानपणी खेळ सुटल्यापासून तो पुन्हा हाती धरेपर्यंतच्या वर्षांना ते 'डार्क एजेस' म्हणतात. कोणी सांगतो, माझं अंधारयुग पंधरा वर्षांचं. कोणी सांगतो, बावीस.

शब्द इतिहासकारांकडून आलेला. चौदाव्या शतकात पेट्रार्कने रोमच्या वैभवानंतरच्या शतकांना अंधाराची उपमा दिली आणि ती चिकटली. आपल्याला या उपमेतला लबाडपणा ओळखीचा आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांपासून एकनाथांपर्यंतच्या काळालाही मराठी वाङ्मयेतिहासात अंधारयुग म्हटलं गेलंच. मग पोथ्या सापडत गेल्या, महानुभावांची सांकेतिक लिपी उलगडली, आणि त्या 'अंधारात' लोक लिहीत-वाचत होते हे दिसलं. अंधार होता तो बघणाऱ्याच्या बाजूला. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना कालखंडांच्या नावांवर विश्वास ठेवू नये, हे मी शिकले ते याच उदाहरणावरून.

आणि एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, काय केलं? ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तिला तेव्हा जवळजवळ तीन शतकं होत आली होती, हातोहात नकला होताना पाठ बिघडले होते. नाथांची स्वतःची प्रतिभा काही कमी नव्हती, पण जुन्या ग्रंथाकडे ते परतले ते निगुतीच्या कामातून: प्रती जमवा, पाठ ताडून पाहा, घुसलेलं काढा. खेळण्याचे ठोकळे आणि ज्ञानेश्वरी एका परिच्छेदात आणल्याबद्दल कोणी रागावेल. माझं म्हणणं फक्त परतण्याच्या रीतीपुरतं आहे.

लेगोच्या बिरादरीतही तेच दिसतं. ही माणसं एकत्र आली १९९०च्या दशकात, इंटरनेटमुळे. ती भेटून आठवणी उगाळत बसली नाहीत. त्यांनी पहिल्यांदा याद्या केल्या: कोणत्या साली कोणता संच, त्यात कोणते तुकडे, किती. २००० साली सुट्या, जुन्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी ब्रिकलिंक ही ऑनलाइन पेठ एका तरुण छांदिष्टाने सुरू केली. मूळ कंपनीने ती २०१९ साली विकत घेतली. म्हणजे रिश्टरने फुटलेला ठोकळा क्रमांक लिहून मागवण्याची जी सोय ठेवली होती ती इथे गिऱ्हाइकांनी आपली आपण उभी केली.

२००३-०४च्या सुमारास कंपनी बुडायच्या बेतात आली होती. २००४ साली यर्गन विग क्नुडस्टॉर्प हा पस्तिशीतला माणूस प्रमुख झाला, संस्थापकांच्या घराबाहेरचा पहिलाच. त्याच सुमाराला कंपनीने करडा रंग बदलला. जुन्या करड्यात किंचित पिवळसर झाक होती, नव्यात निळसर आली. मुलांना पत्ता लागला नाही. मोठ्यांनी मात्र आकाशपाताळ एक केलं, कारण वर्षानुवर्षं जमवलेल्या तुकड्यांनी बांधलेल्या किल्ल्याच्या भिंतीत आता नवा तुकडा ठिगळासारखा दिसत होता. माप जुळत होतं, रंग जुळत नव्हता. बाहेरच्या माणसाला हा तंटा हास्यास्पद वाटतो. मला वाटत नाही. जुन्या अनुवादात एखाद्या परिच्छेदाची भर घालायची वेळ आली की हाच पेच पडतो. शब्द बसतो, झाक वेगळी पडते. करडा बदललेलाच राहिला. पण रंग बदलण्याआधी या लोकांशी बोलावं, हे कंपनीला कळलं आणि पुढच्याच वर्षी तिने त्यांच्यातले काही प्रतिनिधी नेमून घेतले.

आता माझा डबा. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर गंज. १९८८ साली मामाने मस्कतहून आणलेले ठोकळे त्यात आहेत. त्या काळी बडोद्यात ते दुकानांत मिळत नसत. मिळत ते देशी ठोकळे, जे एक तर बसत नसत किंवा बसले तर दाताने काढावे लागत. दादा आणि मी मिळून आजोळचं कौलारू घर बांधायचो. पडवी, माजघर, आणि वर लाल तिरक्या ठोकळ्यांचं छप्पर. मी तेरा वर्षांची झाल्यावर डबा माळ्यावर गेला. आई गेल्यावर घर आवरताना तो खाली आला आणि माझ्याकडे राहिला, कारण दादाच्या पुण्याच्या घरात माळाच नाही.

दीड वर्ष तो माझ्या टेबलाखाली होता. झाकण उघडायचे, बघायचे, लावायचे. ओढ वाटावी अशी माझी अपेक्षा होती. वाटत होती ती अवघडल्याची भावना. त्यात एक गोष्ट अशी की गेल्या दोन वर्षांत माझ्या पोटापाण्याच्या कामाचा, म्हणजे औषधांच्या चिठ्ठ्या आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका, बराचसा भाग संगणकाच्या अनुवादाकडे गेला. मला आता त्याने केलेलं तपासायला मिळतं, निम्म्याहून कमी दरात. वाक्य मी रचत नाही, रचलेल्या वाक्यातला खिळा ठोकते. दिवसभर हे करून झाल्यावर हाताने काही बिनकामाचं रचायला बसणं म्हणजे स्वतःचीच चेष्टा वाटायची. ज्या कौशल्याचे पैसे मिळत होते तेच बिनकामाचं ठरत असताना, बिनकामाचंच आणखी काही कशाला?

रुडोलश्टाटच्या मंडळींबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की त्यांच्यातल्या कोणाला 'प्रेरणा' आली होती की नाही याची नोंदच नाही. नोंद आहे ती कमी पडणाऱ्या ठोकळ्यांची. म्हणून एका रविवारी मी बांधायला न बसता मोजायला बसले. डबा जुन्या चादरीवर उपडा केला. देशी ठोकळे वेगळे काढले. ते पिवळे पडले होते, काहींना चिरा गेल्या होत्या. मामाचे साबणाच्या पाण्यात टाकले. खिडक्या अकरा, दारं दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. लाल तिरके एकोणीस. एकोणीस का? दादाला फोन केला.

"दादा, आपल्या छपराचे लाल ठोकळे किती होते रे?"

"चोवीस," तो लगेच म्हणाला. आम्ही दोघं गेलं वर्षभर बोललो ते घराचे कागद, वारसदाखला आणि दलाल याविषयीच. "अगं, दोन्ही बाजूंना बारा-बारा. पडवीला कमी पडायचे म्हणून तू निळे लावायचीस आणि मी चिडायचो."

"मग पाच गेले कुठे?"

"चार. एक शेजारच्या पराग्याला मीच दिला होता, गोटीच्या बदल्यात. तो धरू नकोस."

त्या संध्याकाळी एकोणीस कौलांत जेवढं होईल तेवढं छप्पर मी घातलं. पडवीला निळे लावले. हाताला अजून कळत होतं की दोन ठोकळे दाबताना अंगठा कुठे ठेवायचा; जोडताना येणारा तो बारीक टक् आवाज अगदी तसाच होता. दुसऱ्या दिवशी जुन्या तुकड्यांच्या त्या पेठेत पाहिलं, तर १९८०च्या दशकातले तसेच लाल तिरके ठोकळे नेदरलँड्समधल्या कोणाकडे निघाले, किंमत किरकोळ, टपालखर्च भारी. मागवायचे किती, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मी पाच म्हणते, दादा चार.